मी जिंकलेली एकमेव कुस्ती

पगार मला लोखंड कापण्याचा मिळायचा आणि बिदागी हरण्याची. अंबरनाथच्या एका कारखान्यात मी टर्नर होतो. आठवडाभर लेथवर उभं राहायचं आणि रविवारी संध्याकाळी उल्हासनगर, कल्याण, कधी भिवंडी, जिथे मैदान मिळेल तिथे जाऊन हरून यायचं, असा ऐंशीच्या दशकातला माझा बराचसा काळ गेला. या अंकाच्या संपादकांनी नोकरीतले अनुभव लिहायला सांगितले तेव्हा त्यांच्या मनात लेथ असणार. लेथने मला कधी त्रास दिला नाही. त्रास दिला तो दुसऱ्या धंद्याने, आणि त्यातही जिंकलेल्या एका कुस्तीने. तिच्याबद्दल लिहायला बसलो की दोन ओळींनी उठतो, गॅलरीत जाऊन येतो, पुन्हा बसतो. आजही तेच चाललंय.

आधी धंदा काय होता ते सांगतो. त्या वेळी 'फ्रीस्टाईल' कुस्त्यांचे सामने व्हायचे. तिकीट लावून, दोऱ्यांच्या चौकोनात, गादीवर. आठवडाभर रिक्षातून भोंगा फिरायचा, भिंतींवर पोस्टरं लागायची. आमचे सामने भरवायचे परसराम शेठ. उल्हासनगरात त्यांचा जीनच्या पँट शिवायचा कारखाना होता. त्या गावात तेव्हा कुठल्याही देशाचा माल मिळायचा, म्हणजे तिथेच शिवला जायचा आणि वर लेबल लागायचं. शेठने तोच नियम पैलवानांना लावला होता. माझं लेबल होतं 'बगदादचा सैतान'. मी बदलापूरच्या हेंद्रेपाड्यात वाढलेला. बगदाद कुठे आलं असं शेठला विचारलं तर ते म्हणाले, "साईं, तुझे थोडी जाना है उधर? मास्क पहन और गिर."

पडणं सोपं नसतं. माणूस पडताना नकळत हात टेकवतो आणि तिथेच मनगट जातं. हनुवटी छातीला लावून, श्वास सोडून, पाठ आणि दोन्ही तळहात एकदम गादीवर आपटायला शिकावं लागतं. गादी म्हणजे फळ्यांवर काथ्या आणि वर ताडपत्री. फळ्यांखाली मुद्दाम पोकळी ठेवलेली, म्हणजे माणूस पडला की सगळ्या मैदानाला ऐकू जावं. कोण जिंकणार ते शेठ दुपारीच सांगायचे. बाकीचं आम्ही दोघं हाताच्या दाबावर ठरवायचो. मनगट एकदा दाबलं की 'ठीक आहे', दोनदा दाबलं की 'आता उचल'. समोरचा मला डोक्यावरून फेकायचा तेव्हा त्यातली निम्मी उडी माझी असायची. टाळ्या जिंकणाऱ्याला मिळायच्या, पण त्याला रुबाबदार दिसू देण्याचं काम हरणाऱ्याचं होतं, आणि त्या कामात अख्ख्या ठाणे जिल्ह्यात माझ्या तोडीचा माणूस नव्हता हे मी अजूनही छाती काढून सांगेन.

एकदा आई पाहायला आली. मी नको नको म्हणत होतो, पण शेजारणींबरोबर ती येऊन थेट पुढच्या रांगेत बसली. 'पंजाब का शेर' मला दोऱ्यांवर घालून बडवत होता. तो मूळचा शहाडचा, माझा चांगला दोस्त, आणि त्याचा एकही ठोसा मला लागत नव्हता. पण हे आईला कोण सांगणार? ती उठून उभी राहिली आणि ओरडली, "मेल्या, सोड त्याला! मिलिंदा, ऊठ रे! चल घरी!" मैदान हसून लोळलं. बगदादच्या सैतानाला दोऱ्यांतून बाहेर वाकून आईची समजूत काढावी लागली. पुढच्या रविवारी शेठने मास्कचा रंग बदलला आणि मला समरकंदचा केला.

हे हसण्यावारी गेलं असतं, पण गोष्ट बाळाराम वस्तादांच्या कानावर गेली. बारवीच्या रस्त्याला भातखाचरांच्या कडेला त्यांची तालीम होती. कौलारू खोली आणि आत लाल मातीचा हौद. त्या मातीत ताक, तेल, हळद, लिंबू मुरवावं लागतं आणि वस्ताद ते काम दुसऱ्या कुणाला करू देत नसत. बेलवली, हेंद्रेपाड्याची आम्ही बौद्धांची पोरं पहिल्यांदा तिथे गेलो तेव्हा गावातल्या काहींनी नाकं मुरडली होती. वस्ताद त्यांना म्हणाले होते, "माती अंगाला लागली का समदी सारखीच दिसतान." त्या एका वाक्यावर मी आठ वर्षं त्यांच्या हौदात घाम गाळला. फ्रीस्टाईलला लागलो ते त्यांना न सांगता.

वस्तादांनी बोलावून मला एकच प्रश्न विचारला. "तिथं सलामी देतंस?"

कुस्तीआधी पैलवान वाकून मातीला हात लावतो आणि तो कपाळाला नेतो, ती सलामी. मी सवयीने ताडपत्रीलाही हात लावायचो. हो म्हणालो. वस्तादांचा चेहरा उतरला. निकाल आधी ठरलेल्या कुस्तीला आमच्यात नुरा म्हणतात, आणि नुरा खेळणाऱ्याला तालमीत जागा नसते.

"पोटासाठी सोंग केलंस, ते मना समजतं," ते म्हणाले. "पन खोट्या कुस्तीला खरी सलामी? आता या हौदात पाय टाकू नको."

मी चपला घातल्या आणि बाहेर पडलो. चार वर्षं मी त्या रस्त्याने गेलो नाही. सासुरवाडीला जायचा तोच जवळचा रस्ता होता, तरी मी सायकल लांबून घ्यायचो. रविवारी हरून आलो की सोमवारी लेथवर उभा असताना मला वस्तादांचा तो उतरलेला चेहरा दिसायचा आणि माप चुकायचं.

मग एका हिवाळ्यात शेठने खऱ्या लेबलचा माल आणला. ओकुदा नावाचा जपानी पैलवान. वय पस्तिशीचं, मान रुंद, कान दबून दबून घट्ट झालेले. पोस्टरवर त्याला 'जपानचा यमदूत' केलं होतं. प्रत्यक्षात तो इतका शांत होता की शेठ वैतागले. "अड़े, ये तो चिल्लाता भी नहीं! पब्लिक क्या देखेगी?" ओकुदा उड्या मारायचा नाही, दात विचकायचा नाही, खुर्च्या उचलायचा नाही. समोरच्याचा हात धरायचा, गुडघा टेकायचा आणि हळूहळू त्याला जमिनीवर आणायचा. ही त्याच्या गुरूची पद्धत होती. त्याच्या देशातही ती आता कुणाला नको होती. गुरू वारले होते, बाकीचे शिष्य झगमगाटाच्या कुस्तीकडे गेले होते, आणि हा एकटा गुरूने शिकवलेलं धरून बसला होता.

त्याची सरबराई माझ्याकडे होती, कारण पहिल्या दोन रविवारी त्याच्याकडून हरणारा मीच होतो. आमची भाषा म्हणजे मोडकं इंग्रजी आणि हातवारे. लॉजच्या गच्चीवर पहाटे तो बैठका मारायचा. अगदी आपल्या बैठका, आपले जोर! मी तोंडात बोट घातलं. त्याने हळूहळू समजावलं की गुरू तरुणपणी हिंदुस्थानात कुस्त्या खेळायला आले होते आणि हे सगळं ते इथून घेऊन गेले. "इंडिया. मड. रिअल," असं गुरू सांगायचे. आजारपणातही त्यांनी तेच सांगितलं होतं, की कधी गेलास तर तिथल्या मातीत एकदा खेळून ये. म्हणून तो असल्या दौऱ्याला कबूल झाला होता.

मी त्याला घरी जेवायला आणलं तर बेलवलीपासून माणसं गोळा झाली. जपानी म्हणजे बुद्धाच्या घरचाच, असं आमच्या लोकांनी धरलं होतं. त्याला विहारात नेऊन पुढे बसवलं आणि वंदना म्हणायला लावली. त्याला एक अक्षर येत नव्हतं. तो डोळे मिटून, हात जोडून बसून राहिला. आई मला म्हणाली, "बघ, परक्या मुलखातला असून कसा स्थिर बसलाय. तुझा पाय नुसता हलत असतो."

त्याच्या गुरूची एक पकड होती. माणसाला पालथा पाडायचा, त्याचा हात पाठीवर घ्यायचा आणि दोन्ही हातांनी मनगट धरून ते हळूहळू मानेकडे चढवायचं. ही पकड मैदानात दाखव म्हणून शेठ त्याच्या मागे लागले. ओकुदाने मान हलवली. "नॉट फॉर शो." हरायला त्याची ना नव्हती. तिसऱ्या रविवारी तो 'पंजाब का शेर'कडून मुकाट्याने हरलाही. पण ती पकड त्याने त्या गादीवर काढली नाही. मला स्वतःची फार लाज वाटली. मी ताडपत्रीला सलामी देत होतो, आणि हा माणूस गुरूची साधी एक पकड खोट्या जागी वापरत नव्हता.

त्याला माती दाखवायची म्हणून मी चार वर्षांनी वस्तादांच्या दारात जाऊन उभा राहिलो. निमित्त त्याचं होतं, गरज माझी होती. वस्तादांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. ओकुदाला पाहिलं. हौदाच्या कडेला थांबून त्याने कमरेत वाकून नमस्कार केला, तो पाहिला. मग त्याला बैठका मारायला लावल्या आणि बराच वेळ नुसते बघत राहिले. शेवटी मला म्हणाले, "पाव्हना खरा हाय. त्याला मातीतली कुस्ती पायजे ना? येत्या रविवारी तूच धर. खरी धरलीस तर तालीम तुझी. नुरा दिसली तर मना परत तोंड दाखवू नको."

कुस्तीचे नियम ठरवायला आम्ही हौदात बसलो. पाठ टेकली की हार, हे ओकुदाला माहीत होतं. त्याला आणखी काहीतरी सांगायचं होतं. त्याने माझा हात हलकेच पिरगळून धरला, माझ्या तोंडाकडे बोट केलं आणि म्हणाला, "यू से, माइत्ता." मग झटकन हात सोडून दाखवला. "माइत्ता, आय स्टॉप." नंतर जमिनीवर दोनदा थाप मारली आणि पुन्हा म्हणाला, "माइत्ता. ओके?"

वस्ताद खूश झाले. "अरं, माती बोलतंय! मराठी शिकला!"

हाताला माती लागली की पकड सटकते, असं काहीतरी तो सांगतोय असा मी अर्थ लावला. "येस, येस, माती," मी म्हणालो. "गुड माती. ओके!"

ओकुदाने समाधानाने मान हलवली. आम्ही सगळे हसलो. वस्तादांनी त्याच्या ओंजळीत मूठभर माती घातली आणि त्याने ती कपाळाला लावली.

रविवारी सकाळी गाव जमलं. हलगी लागली. बारवीकडच्या पाड्यांवरून माणसं चालत आली होती, हेंद्रेपाड्यातून आई आणि शेजारणी आल्या होत्या. लंगोट मी दोनदा सोडून पुन्हा लावला. निकाल माहीत नसलेली कुस्ती मी चार वर्षांत खेळलो नव्हतो, त्यामुळे ही भीती कशी असते तेच विसरून गेलो होतो. मी सलामी दिली, त्याने दिली. खडाखडी सुरू झाली, म्हणजे मान आणि मनगट धरून एकमेकांच्या ताकदीचा अंदाज घेणं. त्याचं मनगट माझ्या मुठीत आलं आणि सवयीने मी ते एकदा दाबलं. लगेच चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. ओकुदाने भुवया वर केल्या.

पुढे फार वेळ लागला नाही. मी पट काढायला, म्हणजे वाकून त्याचा पाय ओढायला गेलो, त्याने मला वरून दाबलं आणि पालथा घातला. डावा हात कधी पाठीवर गेला ते कळलंसुद्धा नाही. तीच पकड होती. त्याला घाई नव्हती, हिसका नव्हता. मनगट बोटभर वर चढायचं, थांबायचं, पुन्हा बोटभर चढायचं. खांदा आता निखळणार याची मला खात्री पटली.

"माती घे, मिलिंदा! माती!" वस्ताद कडेवरून ओरडले.

घामाने अंग निसरडं झालं की पैलवान मुठीत माती घेऊन समोरच्याला चोळतो, म्हणजे हाताला धरायला मिळतं. माझा उजवा हात पोचत होता तिथे मातीचा चिखल झाला होता. कडेच्या लोकांनी कोरडी माती टाकावी म्हणून मी जीव खाऊन ओरडलो, "माती! माती!"

हात सुटला. ओकुदाने दोन्ही मुठी उघडल्या आणि तो मागे टाचांवर बसला.

विचार करायला वेळ नव्हता, असं पुढे मी सगळ्यांना सांगत आलो. वेळ होता. मी मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. तो तळवे मांड्यांवर ठेवून दम खात बसला होता, काम संपलेल्या माणसासारखा. ते पाहून मग मी झेप घेतली, त्याची मान आणि पाय एकत्र आवळून वस्तादांनी शिकवलेली मोळी बांधली आणि त्याला उलथा केला. त्याची पाठ टेकली. हलगी कडाडली, माणसं हौदात घुसली, कुणीतरी मला खांद्यावर घेतलं.

वरून मला तो दिसला. मातीत बसून माझ्याकडे बघत होता. रागावलेला वाटला नाही, काहीतरी विचारायचं राहून गेल्यासारखा वाटला. मी मनात म्हटलं, हरलेला माणूस असाच दिसत असेल, आपण त्याला समोरून कधी पाहिलेला नाही. मग तो उठला, मला वाकून नमस्कार केला, हौदाला केला आणि कपडे घालायला गेला. दोन दिवसांनी त्याचा दौरा पुढे निघून गेला. निरोपाचं जेवण आईने रांधलं होतं, पण तो आला नाही.

वस्तादांनी गावासमोर मला फेटा बांधला. तालीम मला उघडी झाली. इतकंच नाही, त्या दिवसापासून ते मला अहो-जाहो करू लागले. "या मिलिंदराव, बसा." मी फुलून गेलो. शेठला सांगून मोकळा झालो की आता हरणं बंद. पुढे घरोघर केबल आली, लोक बसल्या जागी अमेरिकेचे पैलवान बघू लागले आणि शेठने दोऱ्या-फळ्या मोडीत काढून पुन्हा जीनमध्ये लक्ष घातलं. कारखान्यात मी 'जपान्याला पाडणारा' झालो. पकड कशी सोडवलीत असं कुणी विचारलं की मी सांगायचो, "माती लागली, हात सटकला." सांगून सांगून मला ते खरंही वाटायला लागलं.

एक गोष्ट मात्र खटकायची. वस्ताद मला पाहुण्यासारखं बसवायचे, चहा द्यायचे, पण कुणाला डाव शिकवा असं कधी म्हणायचे नाहीत. एकदा मी आपणहून म्हटलं, "वस्ताद, मोळी मी दाखवू का यांना?" ते म्हणाले, "ऱ्हाऊ द्या."

अशी नऊ वर्षं गेली. मग कारखान्यात जपानी मशीन आलं आणि ते बसवायला जपानी इंजिनिअर आले. त्यांचं नाव मोरी. त्यावरून आमच्या खात्यात जे विनोद झाले ते इथे लिहिण्यासारखे नाहीत. माणूस मोकळा होता, डबा आमच्यातच बसून खायचा. एकदा जेवणाच्या सुट्टीत कुणीतरी माझी ओळख करून दिली, "सर, ही बीट जपान पैलवान!" मोरी साहेब हसले आणि त्यांनी बाही वर करून कोपर टेबलावर टेकवलं. पंजा लावला. मी त्यांचा हात आडवा करत नेला तसे ते दुसऱ्या हाताने टेबलावर थापा मारत ओरडले, "माइत्ता, माइत्ता!"

"साहेब माती मागतायत!" आमचा फोरमन म्हणाला. सगळे खो खो हसले. मी हसलो नाही. मी त्यांचा हात सोडला नव्हता.

"सर, माइत्ता मीन्स?"

"मीन्स, आय लूज," मोरी साहेब हात चोळत म्हणाले. "ज्युडो, रेसलिंग, ऑल सेम. यू हिअर माइत्ता, यू मस्ट स्टॉप. ॲट वन्स." माझा चेहरा पाहून त्यांना वाटलं मला समजलं नाही. ते पुन्हा म्हणाले, "फिनिश. आय लूज. अंडरस्टँड?"

समजलं होतं. तो डबा मी तसाच परत नेला. मी 'हरलो, हरलो' असं दोनदा ओरडलो होतो आणि त्याने त्याच्या गुरूच्या शिकवणीप्रमाणे ताबडतोब हात सोडला होता. नियम ठरवताना त्याने मला तो शब्द तीनदा सांगितला होता आणि मी ओके म्हणालो होतो. मग हार कबूल करूनही मी त्याच्यावर झडप घातली होती. आणि तो तरीही मला नमस्कार करून गेला होता.

त्यानंतरचा महिना मी कसा काढला ते माझं मला ठाऊक. जेवताना उठायचो, बाजारात निघालो की अर्ध्या वाटेवरून परत यायचो. सुमन, माझी बायको, म्हणाली, "जिंकल्याचं एवढं दुःख कुणी केलेलं मी ऐकलं नव्हतं. ज्यांना सांगायचंय त्यांना सांगून या एकदाचं." सांगायचं म्हणजे तालीम जाणार, फेटा जाणार, 'मिलिंदराव' जाणार. आयुष्यात मिळवलेलं तेवढंच होतं. मी तीनदा सायकल काढली आणि तीनदा बारवीच्या फाट्यावरून मागे वळवली. चौथ्यांदा गेलो.

वस्ताद ओटीवर बसले होते. मी खाली बसलो आणि सगळं सांगून टाकलं. तो शब्द, त्याचा अर्थ, मोरी साहेबांचा पंजा, मी मान वळवून ओकुदाकडे पाहिलं होतं ते सुद्धा. "वस्ताद, मी ती कुस्ती जिंकलो नव्हतो," मी म्हणालो. "मी हरत होतो."

ते पुढे सरकून बसले. मग म्हणाले, "म्हंजे, तुमचं दोघांचं ठरलेलं नव्हतं?"

"नाही."

"अरं, मी डोल्यांनी बघितलं ना. सुरवातीला तू त्याचं मनगट दाबलंस. मंग असली पकड त्यानं आपसूक सोडली. अशी पकड कोन सोडतं? मी समजलो, तू त्याला पढवून आनलाय."

"मग फेटा का बांधलात?"

"गाव बघत होतं. तुझी आय बघत होती. चारचौघांत तुला काय उघडा पाडू?" त्यांनी माझं कोपर धरलं. "खरा हरत होतास?"

"खरा, वस्ताद."

"खांदा?"

"जाणारच होता."

वस्ताद हसायला लागले. हसता हसता त्यांनी धोतराच्या टोकाने डोळे पुसले. "नऊ वर्सं मी तुला नुरावाला समजत बसलो रं. नऊ वर्सं." मीही रडलो. ज्याला मी नऊ वर्षं मान समजत होतो ते 'अहो' म्हणजे त्यांनी मला लांब ठेवणं होतं, आणि आज मी हरलो म्हटल्यावर त्यांनी मला तू म्हटलं होतं. मला इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं.

पण ते फार टिकलं नाही. वस्तादांचं हसू थांबलं. "आन तो?" ते म्हणाले. "तो काय समजून गेला? त्याच्या गुरूनं सांगितलं होतं हितली माती खरी. त्यानं बघितलं काय? मानूस तोंडानं हरलो बोलतो आन मंग धरतो. माज्या हौदात."

ते उठले, भिंतीला धरून ओटीवर पालथे पडले आणि डावा हात त्यांनी पाठीवर घेतला. "धर मना. त्यानं धरला तसा."

"वस्ताद, आता वय..."

"धर बोलतो ना!"

मी धरलं. हात वाळलेला होता, पण मनगटाचं हाड अजून रुंद होतं. त्यांनी एकदा खांदा आत घेऊन पाहिला, एकदा कूस बदलायचा प्रयत्न केला, गुडघा ओढून पाहिला. घाई न करता एकेक वाट तपासत होते. "घट्ट धर. फसवू नको." मी बोटभर वर चढवलं. त्यांचा श्वास अडकला. आणखी थोडा वेळ त्यांनी शोधलं आणि मग अंग सैल सोडलं.

"नाय सुटत," ते म्हणाले. "सोड."

मी सोडलं. उठून बसल्यावर ते बराच वेळ खांदा चोळत राहिले. "लिही त्याला. सांग, तुज्या गुरूची पकड बदलापुरात कोनाला सुटली नाय. आधी चेल्यानं बघितली, मंग वस्तादानं. दोघं बी हरले."

मी तसंच लिहिलं. मोरी साहेबांनी ते जपानीत उतरवलं आणि मायदेशी परतताना बरोबर नेलं. ओकुदाचा पत्ता त्यांना मिळाला का, मिळाला असेल तर त्याने ते वाचलं का, मला आजवर कळलेलं नाही. वस्ताद त्यानंतर दीड वर्ष होते. शेवटी अंथरुणाला खिळले, ऐकूही कमी यायला लागलं. मी गेलो की पहिला प्रश्न तोच, "जपानवरून आलं का काय?" त्यांची सून मला बाजूला घेऊन म्हणायची, "आलं म्हना ना मिलिंददादा. म्हाताऱ्याला बरं वाटल." मला ते सहज जमलं असतं. लोकांना हवं ते खरं करून दाखवण्यात माझी उमेदीची वर्षं गेली होती. मी त्यांच्या कानाशी वाकायचो आणि दर वेळी सांगायचो, "नाही आलं, वस्ताद."